शेवतूला दिसलेले बोलणे

मला गालफुगी झाली होती. आईने माझ्या तोंडाला फडके बांधले होते. दुपारी गुरुजी घरी आले आणि शेवंताचे, म्हणजे आमच्या शेवतूचे, नाव सोमवारपासून शाळेतून काढतो, असे आईला सांगून गेले. संध्याकाळ व्हायच्या आत मला कळले की माझ्या बहिणीला ऐकू येत नाही.

लिहायला चार ओळी पुरल्या. कळायला आम्हांला सात वर्षे लागली होती. एका घरात राहून, एकाच मडक्यातली पेज पिऊन, एका घोंगडीवर निजून सात वर्षे. याचा मला अजून राग येतो आणि तो नेमका कोणावर काढायचा हे या वयातही ठरत नाही. गेल्या मार्गशीर्षात शेवतू गेली. तेव्हापासून मी रोज सकाळी वही घेऊन बसते आणि एक-दोन परिच्छेद झाले की मिटते. आज हा भाग लिहायचा आहे. तो मी बरेच दिवस पुढे ढकलला.

आमचे घर पुळणीला लागून, माडांच्या दुसऱ्या रांगेत होते. समुद्राचा आवाज घरात असा भरून राहिलेला असे की तो आवाज आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो. परगावचा पाहुणा आला की दोन दिवस डोके दुखते म्हणे. आमच्याकडे सगळेच मोठ्याने बोलत. आई तर शेजारच्या जनाकाकीशी कुंपणावरून जे बोले ते तिसऱ्या घरातल्या लोकांना पाठ होई. एवढ्या आरड्याओरड्यात एका मुलीने एका हाकेला ओ दिली नाही, तर कोणाला काय वाटणार? दुसरी हाक मारायची. तिसरी मारायची. मग उठून पाठीत धपाटा घालायचा. धपाटा बसला की शेवतू वळून बघे, आणि वळून बघितले की तिला सगळे समजे. त्यावरून घरात असा सिद्धान्त झाला होता की हिला धपाट्याशिवाय ऐकू येत नाही. विनोद म्हणून तो पाहुण्यांनाही सांगत.

आई दिवसाचा अर्धा वेळ चुलीकडे तोंड करून असे. तिची पाठ आम्हांला जितकी ठाऊक होती तितका चेहरा ठाऊक नसावा. चुलीत फुंकणी घालता घालता ती आत धुरालाच सांगे, "शेवतू, पाणी हाड." शेवतू दारात शिंपले मांडत बसलेली. पुन्हा, "शेवतू गो!" काही नाही. मग आई तशीच, मान न वळवता, "कान काय पुळणीर ठेवन इलंस?" आणि शेवटी ठरलेले वाक्य, "मथू, सांग तेका."

मथू म्हणजे मी. मी दहा वर्षांची, चौथीत. वाचायला मिळेल ते वाचत असे, आणि आमच्या घरात वाचायला मिळे ते म्हणजे दुकानातून पुडीला आलेले कागद, एक फाटके पंचांग आणि शाळेच्या कपाटातून गुरुजी शनिवारी देत ते एक पुस्तक. ते पुस्तक सोमवारी परत करायचे असे. म्हणजे माझ्याकडे एक रविवार. त्या रविवारात निदान वीस वेळा "मथू, सांग तेका" येई. मी बोट पानात ठेवून उठायची, अंगण ओलांडून शेवतूपुढे जाऊन उभी राहायची आणि सांगायची, आई पाणी आण म्हणते. ती लगेच उठे. मला वाटे, ही मला मुद्दाम उठवते.

त्यात तिची एक सवय होती, जिने मला वेड लागायची पाळी येई. मी पुस्तकात डोके घालून तिच्याशी काही बोलले की ती येऊन माझी हनुवटी धरायची आणि माझे तोंड स्वतःकडे वळवायची. हात कसले असत ते सांगायला नको. तारल्यांचे खवले, वाळू, कधी कोकमाचा चिकटा. मी तो हात झटकून टाकी. "बोलतंय ना गो? तोंडाक हात कित्याक लावतंस?" ती पुन्हा धरी. मी चापट मारी. असे दिवसातून किती वेळा झाले असेल ते देव जाणे. त्या चापटी आता मोजायच्या म्हटल्या तरी मोजता येणार नाहीत, आणि बरेच आहे ते.

जेवताना मात्र तिला सगळे ऐकू येई. आम्ही चौघे समोरासमोर पाट मांडून बसत असू. उकड्या तांदळाचा भात, तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले, कधी नुसती कुळथाची पिठी. आई हळूच म्हणाली, "एकच तुकडो उरलो आसा," तरी शेवतूची वाटी पुढे आलेली असे. जनाकाकी एकदा हे पाहून म्हणाली, "शाणा आसा गो तुजा चेडू. कामाक बहिरा नि खावक तिखट कानांचा." सगळे हसले. शेवतूही हसली, कारण काकी तिच्याकडे बघूनच म्हणाली होती.

आणि खरा घोटाळा पुळणीवर झाला. माझे बाबा रापणीचे म्होरके, म्हणजे तांडेल, होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी जाळे सोडत अर्धा वेढा घालून येते, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर असतात आणि दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस माणसे ते खेचतात. केव्हा खेचायचे, केव्हा सैल सोडायचे, हे होडीतला माणूस आणि किनाऱ्यावरचा म्होरका यांच्यात ठरते. आता पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो. होडीतल्या माणसाने किती ओरडले तरी वारा ते त्याच्याच घशात परत कोंबतो. नव्या माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. बाबांना कळे. आणि शेवतूला कळे. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती बाबांच्या मांडीला खेटून उभी राही आणि होडी थोडी जवळ आली की सांगे, "बाबा, तो म्हणता उजवीकडचो दोर सोड." होडीतली माणसे किनाऱ्याकडे, उगवतीकडे तोंड करून असत. सकाळचे ऊन नेमके त्यांच्या तोंडावर. हे मला आज कळते. तेव्हा रापणीवरची माणसे तोंडात बोट घालत. "तांडेलाचा चेडू! घारीचे कान आसत." बाबांना अभिमान वाटे, आणि अभिमानाचा राग व्हायला वेळ लागत नसे. घरी जाळे सांधताना ते सुतळी दातांत धरून बोलत, वाक्य अर्धे ओठांतच राही, आणि शेवतू खुशाल दुसरीकडे बघत बसे. "वाऱ्यात परक्याचा आयकता, नि घरात बापाशीचा आयकणा नाय. ह्या सगळा नाटक." असे म्हणून ते जाळ्याची सुई आपटत.

दुसऱ्या कुठल्या गावात, शांत डोंगरातल्या एखाद्या घरात ती जन्मली असती, तर चार महिन्यांत कोणाच्या तरी लक्षात आले असते असे मला वाटते. आमच्याकडे कोणीच काही कानाने ऐकत नव्हते. सगळे तोंड बघून, हात बघून, मानेच्या झटक्यावरून समजून घेत आणि त्याला ऐकणे म्हणत. त्यात ती एक मिसळून गेली. उलट त्या कामात तिचा नंबर पहिला होता.

शाळेत तिचा नंबर शेवटचा होता. पहिली ते चौथी एका खोलीत, एकच गुरुजी. गुरुजी घाटावरचे, शिस्तीचे, धोतर रोज स्वच्छ. मनाने वाईट नव्हते, पण त्यांना एखादी गोष्ट दोनदा सांगावी लागली की कपाळावर शीर उठे. सकाळी पूर्वेकडच्या खिडकीतून उजेड येई आणि शेवतू पाढे म्हणे, वाचे, विचारलेले सांगे. दुपारी गुरुजी पश्चिमेच्या दारात खुर्ची टाकून बसत, वाऱ्यासाठी. त्यांच्या पाठीमागे उतरत्या उन्हात चकाकणारा समुद्र. त्यांच्याकडे बघितले की डोळे दिपत आणि गुरुजी म्हणजे एक काळी आकृती दिसे. शुद्धलेखन दुपारीच असे. पुस्तक तोंडासमोर धरून गुरुजी सांगत, आणि कंटाळा आला की उठून आमच्या पाठीमागे येरझाऱ्या घालत सांगत. शेवतूची पाटी कोरी. कधी शेजारणीच्या पाटीवरून चोरलेली दोन अक्षरे. "सकाळी येतं ते दुपारी कसं येत नाही?" गुरुजी विचारत. "पोट भरलं की झोप येते का तुला?" एकदा म्हणाले, "मथुरा, तुझी बहीण मला वेडी समजते की ती स्वतः वेडी आहे, एवढं मला घरी विचारून सांग." मी घरी सांगितले नाही. मला लाज वाटे. मला शाळेत हुशार म्हणत आणि ही माझी बहीण होती.

तर त्या दिवशी गालफुगी. दोन्ही गाल सुजून मला तोंड उघडवत नव्हते. आईने वेखंड उगाळून लेप लावला आणि जुन्या लुगड्याच्या फडक्याने नाकाखालपासून गळ्यापर्यंत तोंड गुंडाळून डोक्यावर गाठ मारली. शाळा नाही, काम नाही, पडवीत पडून राहायचे. सुख होते. दुपारच्या सुट्टीत गुरुजी आले, अंगणातच उभे राहिले. आईने पदर सावरला. गुरुजी म्हणाले, "मुलगी मंद आहे असं मी म्हणत नाही. हट्टी आहे. दुसरीत दुसरं वर्ष आहे. बाकीच्या मुलांचा वेळ जातो. घरी तुमच्या हाताखाली तरी काही शिकेल." आई नुसती "होय, होय" म्हणाली. ते गेल्यावर ती आत जाऊन मासळीला मीठ लावायला बसली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, चुलीकडून नव्हे तर मिठाच्या हंड्यातून यावा तसा, "बरा झाला. खाऱ्यांका हात कमी पडतत."

शेवतू शाळेतून आली तेव्हा मला तहान लागली होती. मी फडक्यातून म्हटले, "शेवतू, पाणी दी." ती समोर उभी, माझ्याकडे बघत. मी पुन्हा म्हटले. ती बघतच राहिली. आज तर समोरून बोलत होते, आज तरी निमित्त नको होते. माझे गाल ठणकत होते. मी जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले. तिचा चेहरा बदलला. ती घाबरली होती. मी तिला असे घाबरलेले समुद्रातही पाहिले नव्हते. ती पुढे आली, नेहमीप्रमाणे माझी हनुवटी धरली, आणि हाताला फडके लागताच ते ओढायला लागली. मला ब्रह्मांड आठवले. मी तिला चापट मारली. ती रडायला लागली, पण फडके सोडीना. शेवटी गाठ सुटून ते खाली आले आणि मी रागाने म्हणाले, "पाणी, पाणी गो!" दुखत असल्याने आवाज नीट फुटलाच नाही, नुसते ओठ हलले. ती डोळे पुसत उठली आणि पाणी घेऊन आली.

मी तांब्या हातात घेऊन बसून राहिले. मग मी आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून म्हटले, "कोकम हाड." ती आत गेली आणि कोकम घेऊन आली. मी फडके तोंडावर धरले आणि मोठ्याने म्हटले, "हंय बस." ती उभीच. फडके काढून नुसते ओठ हलवले. ती बसली. असे मी सात-आठ वेळा केले. तिला तो खेळ वाटला, ती हसायला लागली. मला हसू येत नव्हते. माझ्या डोक्यात सात वर्षांतले सगळे धपाटे एकामागून एक उभे राहत होते. तिला आवाज येत होता, वाऱ्यासारखा, लाटेसारखा. त्यातून शब्द निघत नव्हता. शब्द ती आमच्या तोंडावरून उचलत होती.

आणि मी चार दिवस हे कोणाला सांगितले नाही.

हे मी शेवतूलाही कधी सांगितले नव्हते. कारण अगदी साधे होते. तिचे नाव निघाले की मी शाळेत एकटी जाणार होते. तिची पाटी शोधायची नाही, वाटेत तिला हाताला धरायचे नाही, गुरुजींची बोलणी ऐकायची नाहीत. सांगितले की पुन्हा "मथू, सांग तेका", आणि या वेळी जन्मभर. दहा वर्षांच्या मुलीने हे सगळे इतके स्पष्ट ओळखले होते. मी पडवीत पडून शनिवारचे पुस्तक वाचत होते आणि गालफुगीमुळे ते सोमवारी परत द्यायचे नव्हते. शेवतू आईबरोबर खाऱ्याला बसू लागली होती. मिठाने तिच्या बोटांना चिरा पडल्या.

पाचव्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. पुस्तकाकडे बोट दाखवून म्हणाली, "काय म्हणता ता?" मी टाळण्यासाठी मोठ्याने वाचू लागले, पुस्तक तोंडासमोर धरून, अगदी गुरुजींसारखे. तिने काही केले नाही. हनुवटी धरली नाही, माझ्या गालाला दुखेल म्हणून असेल. फक्त एक बोट पुस्तकाच्या वरच्या काठावर ठेवले आणि ते हळूहळू खाली दाबले, माझे तोंड दिसेपर्यंत. बोटाला मिठाची चीर होती. मग म्हणाली, "आता सांग."

मी आईला सांगितले. आई म्हणाली, "गालफुगी डोक्यात चढली तुज्या." मी म्हटले, तू चुलीकडे बघून बोलतेस म्हणून ती ऐकत नाही. आई भडकली. "मगे रांदताना मी काय पाठयेन रांदू?" तिचेही चूक नव्हते. मी पुळणीवर गेले. रापण ओढून झाली होती, बाबा दोर गुंडाळत होते. मी सांगू लागले तर त्यांनी हाताने उडवून लावले. "गप गो. होडयेवरचा आयकता ता. सगळ्या गावान बघलेला आसा."

"ता आयकणा नाय, बाबा. ता बघता."

"बघून कोण आयकता?"

"तुमी," मी म्हटले. बाबांशी मी असे कधी बोलले नव्हते.

ते थांबले. शेवतू वीस पावलांवर पाठमोरी बसून जाळ्यातले खेकडे सोडवत होती. बाबा तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हाक मारली. मग आणखी मोठ्याने. तिसरी हाक अशी होती की होडी धुणारी माणसे वळून बघू लागली. शेवतूने एक खेकडा सोडवून बाजूला टाकला. बाबा वळसा घालून तिच्या पुढे गेले, उकिडवे बसले, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. काय म्हणाले ते मला दिसले नाही, मी मागे होते. शेवतूने मान वर करून हसून उत्तर दिले, "दोन मोठे, बाकी सगळे बारके."

 बाबा वाळूत थुंकले आणि कोणाला उद्देशून नाही असे म्हणाले, "होडयेवरल्या माणसाचा आमी तरी खंय आयकतो? बघतोच मा. इतकी वर्षा बघतंय मी. आनि माज्याच घरात माका दिसाक नाय." होडीवरून कोणीतरी विचारले, "काय झाला रे?" बाबा ओरडले, "काय नाय. तांडेल आंधळो आसा, दुसरा काय?"

दुसऱ्या दिवशी ते धुतलेला सदरा घालून शाळेत आले. मी आणि शेवतू मागे. बाबा जमेल तसे शुद्ध बोलू लागले. "गुरुजी, चेडवाला... मुलीला कानांनी कमी आहे. तुम्ही तोंड दाखवून बोललात तर तिला समजेल." गुरुजींनी चष्मा काढला. "सकाळी हिला सगळं येतं. कान दुपारी जातात काय हिचे?"  मी म्हटले, "सकाळी तुमच्या तोंडावर उजेड असतो. दुपारी तो तुमच्या मागं असतो."  गुरुजींच्या कपाळावरची शीर उठली. "म्हणजे मी कुठं तोंड करून बसायचं ते आता चौथीतली मुलगी ठरवणार?" बाबांनी हात जोडले. रापणीवर चाळीस माणसांना दरडावणारे माझे बाबा तसे हात जोडून उभे होते. "परीक्षेपर्यंत ठेवा. नाही जमलं तर मीच घेऊन जाईन." गुरुजींनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हटले, "ठीक आहे. पण मी माझं शिकवणं बदलणार नाही. तुझ्या बहिणीला काय सांगायचं ते तू सांग. आवाज न करता."

तर ते माझ्या नशिबी आले, मला ठाऊक होते तसेच. परीक्षेपर्यंतचे सगळे महिने मी फळ्याकडे पाठ करून, शेवतूकडे तोंड करून बसले. गुरुजी बोलत ते मी कानांनी घेई आणि ओठांनी तिला देई. त्या वर्षीचा गुरुजींचा चेहरा मला आठवत नाही, आवाज शब्दन्‌शब्द आठवतो. ओठांवर सगळे दिसतही नाही. 'माठ' आणि 'पाट' तिला सारखेच दिसत, मग मला पाटीच्या कोपऱ्यात अक्षर काढून दाखवावे लागे. मी घाईने सांगितले की ती पुन्हा विचारी. मी डोळे मोठे करी, ती माझ्याहून मोठे करी. आम्ही आवाज न काढता भांडत असू, आणि वर्गातली मुले शुद्धलेखन सोडून आमचे भांडण बघत. एक दिवस दुपारी आलो तर गुरुजींची खुर्ची दारातून हलून भिंतीकडे आली होती. "दारात वारा फार लागतो," ते म्हणाले. मी शेवतूकडे बघितले, तिने माझ्याकडे. आता गुरुजींचे तोंड लख्ख दिसत होते. मग त्यांनी पुस्तक उघडले आणि नेहमीसारखे तोंडासमोर धरले. त्या क्षणी मला जे वाटले ते लिहिण्याजोगे नाही.

परीक्षेला शेवतू पास झाली. मीही झाले, पण पहिला नंबर गेला. गुरुजी म्हणाले, "मथुरा, तुझं यंदा लक्ष नव्हतं." 

पुढे मी शिक्षिका झाले आणि तीस-बत्तीस वर्षे पहिलीला शिकवले. कान उत्तम असलेली मुलेसुद्धा नवे अक्षर शिकताना माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. स्वतःचे ओठही नकळत तसे करतात. मी फळ्याकडे वळून बोलू लागले की मागे चुळबुळ सुरू होई. नव्या शिक्षकांना मी हे किती वेळा सांगितले. ते "होय बाई" म्हणत आणि फळ्याकडे वळून बोलत. सांगून थकले. माणसांना वाटते आपले बोलणे आपल्या तोंडातून निघाले की पोचले.

शेवतू सातवीपर्यंत शिकली. लग्न होऊन देवगडला गेली, संसार केला, नवरा गेल्यावर माझ्याकडे आली. मुंबईच्या भाच्याने कानाचे यंत्र आणून दिले होते, ते तिने कापराच्या डबीत ठेवून दिले. म्हणे त्यात समुद्र फार येतो. आम्ही दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसून, बहुतेक वेळा आवाज न काढता, भांडत असू. शेवटच्या आजारात तिला दवाखान्यात नेले तेव्हा तिथे सगळ्यांची तोंडे पट्ट्यांनी बांधलेली. कोणी काय सांगते ते तिला कळेना. मी परिचारिकेला म्हटले, एक मिनिट पट्टी खाली करा. ती मुलगी नम्रपणे म्हणाली, "आजी, चालत नाही." तिचेही चूक नव्हते. मी तिचे बोलणे ऐकून, माझी पट्टी खाली करून, शेवतूला सांगत राहिले. मला दोनदा दटावले. तिसऱ्या दिवसापासून शेवतू डोळे मिटूनच होती. तेव्हा मात्र माझ्याकडे काही उपाय नव्हता. मी तिच्या उशाशी बसून खूप बोलले, आवाज काढून. ती चार दिवसांची गोष्टही सांगितली. तिने एकदा हात उचलला आणि माझ्या हनुवटीला लावला, पण डोळे उघडले नाहीत.

आता घरात मी एकटी आहे. अजूनही काही बोलायचे झाले की मी आधी खिडकीकडे वळते, तोंडावर उजेड येऊ देते आणि मग बोलते.